गेल्या सालच्या भावाचा डोंगा

चार सरकारी माणसं एका खोलीत बसवा, मध्ये एक आकडा ठेवा आणि दार लावून घ्या. संध्याकाळपर्यंत किस्सा तयार! मी जनपद सभेत कारकून म्हणून लागलो आणि दोन-चार वर्षांतच माझ्याकडे पगारापेक्षा किस्से जास्त साठले. पगार कधीच संपला. किस्से अजून पुरताहेत.

जनपद सभा म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. जिल्हा परिषदा यायच्या आधीचा काळ. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं मिळून चांदा. तहसिलीच्या गावी जनपद सभा असायची आणि शाळा, रस्ते, दवाखाने तिच्या गळ्यात असायचे. आमची सभा नेमकी कुठली ते मी सांगणार नाही. त्यातल्या बहुतेकांची नातवंडं आज मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि मला या वयात भांडण नको. वैनगंगेच्या काठी होती, एवढं पुरे.

सभेचे अध्यक्ष नानासाहेब. जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी गेली, मिशा राहिल्या. त्यांच्यासमोर विरोधी बाकावर गणपतभाऊ. धानाचा शेतकरी गडी, आवाज असा की लाउडस्पीकर भाड्यानं आणायची गरज नाही. दोघं सकाळी एकाच हॉटेलात, एकाच बाकड्यावर चहा प्यायचे आणि अकराच्या ठोक्याला सभेत एकमेकांचे जन्माचे वैरी!

वाद एकाच गोष्टीवर, दवाखान्याच्या बजेटवर. रस्त्यांवर वाद होत नसे, कारण रस्ते नव्हतेच.

*

मी लागलो त्या वर्षीची पहिलीच बजेटची बैठक. नानासाहेब उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यंदा आरोग्यावर गेल्या वर्षीपेक्षा जास्त रक्कम ठेवली आहे. इतकी रक्कम या सभेनं कधी पाहिली नाही!"

त्यांच्या बाजूच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नवा होतो.

गणपतभाऊ उठले. "नानाजी, रुपये नोका सांगू. धानात सांगा!"

"धानात?"

"हाव. गेल्या सालच्या पैशात किती खंड्या धान येत होते अन् यंदाच्या पैशात किती येते, ते सांगा. रुपयाचं का हाय, रुपया तं फुगते! धान फुगत नाई."

आमच्या झाडीपट्टीत हे अगदी रीतसर बोलणं होतं. गड्याची मजुरी धानात, सुताराचं बलुतं धानात, लग्नातला आहेरही धानात. मग बजेटच काय ते रुपयात का?

आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, पाठमोरे होऊन बोटांवर हिशेब करू लागले. बडेबाबूंनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नव्हतं. म्हणून त्यांचा कुठलाच हिशेब कधी पुरा होत नसे. शेवटी ते वळले आणि घाबरत म्हणाले, "साहेब, धानात घटलं आहे."

विरोधी बाक नाचायला लागला. नानासाहेब मात्र मालगुजाराच्या घरचे. धानाला ते थोडेच घाबरणार! त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणतं धान धरलं, बडेबाबू? जाडं की बारीक?"

"बारीक, साहेब."

"दवाखान्यात येणारा माणूस बारीक तांदूळ खातो का? जाडं धरा!"

पुन्हा पाठ, पुन्हा बोटं. जाड्या धानाचा भाव फारसा चढलाच नव्हता. बजेट वाढलं! मग दुपारपर्यंत गरीब माणूस कोणता तांदूळ खातो यावर इतका कडाक्याचा वाद झाला की चपराशी जेवायला घरी गेला तो परत आलाच नाही. सायंकाळी बडेबाबूंनी सगळ्यांना सांभाळून घेणारं वाक्य नोंदवलं. "आरोग्याचे बजेट जाड्या धानात वाढले, बारीक धानात घटले."

दारात दवाखान्याचा कंपाउंडर दिवसभर उभा होता. त्यानं हात जोडून विचारलं, "जी, मले एवढंच सांगा, औषध कोन्या धानात येते?"

*

आता नर्सबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यापायी.

सुभद्राबाई वर्ध्याकडच्या. आमच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आलेल्या पहिल्या शिकलेल्या नर्स. उंच, सावळ्या, हातात कायम कातडी बॅग, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. दवाखाना नदीच्या अलीकडे आणि जंगलातली निम्मी गावं पलीकडे. उन्हाळ्यात बाई लुगडं खोचून वाळूतून चालत जात. पावसाळ्यात वैनगंगा भरली की एकच उपाय, इसरू ढिवराचा डोंगा.

इसरू माणूस सोन्यासारखा. लाकडाचा ओंडका कोरून डोंगा करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण बाजाराच्या दिवशी तो घाटावर असायचा आणि बाकीचे दिवस वरच्या डोहात मासे धरायला. बाळं काही बाजाराचा दिवस पाहून येत नाहीत! एकदा श्रावणात बाई सकाळपासून घाटावर खोळंबून राहिल्या. पलीकडून बाया हाका मारताहेत, इकडे बाई नुसत्या उभ्या. इसरू आला तोवर पलीकडे शेजारणींनीच सगळं निभावून नेलं होतं. आई आणि बाळ दोघं वाचली, पण बाईंनी बॅग घाटावर आपटली आणि सगळ्यांदेखत रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. मला फार वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट ऑफिसात. "मले दवाखान्याचा स्वतःचा डोंगा पायजे. मी आन् वल्हवणारा गडी, दोघं बसतील असा. परत येताना बाळंतीण बसंल एवढा. किंमत इसरूले इचारून आणली."

नानासाहेबांनी लगेच मान डोलावली. वाईट माणूस नव्हता हो! पुढच्या वर्षी रक्कम मंजूर झालीही. पण तोवर डेपोतलं लाकूड महागलेलं. आमच्याकडे चहूबाजूंनी जंगल, आणि लाकूड महाग!

नानासाहेब म्हणाले, "गेल्या वर्षी बाईंनी जेवढे मागितले तेवढे पूर्ण दिले. एक आणा कापला नाही!"

गणपतभाऊ म्हणाले, "गेल्या सालचा डोंगा आता कुठी भेटते, नानाजी? तुमीच पाहून राह्यले असान तं सांगा!"

रक्कम परत गेली. बाईंनी नवा भाव लिहून नवा अर्ज केला. त्याच्या पुढच्या वर्षी तो भाव मंजूर झाला आणि लाकूड आणखी महागलं. असं दोनदा झाल्यावर बाईंनी डोकं चालवलं. बडेबाबूंच्या मेजासमोर बसून त्या म्हणाल्या, "मी यंदा पुढच्या सालचाच भाव मागतो. म्हणजे मंजूर होईस्तोवर बरोबर होते."

बडेबाबूंच्या हातातला टाक खाली पडला. "बाई! भाव वाढायच्या आधीच वाढलेला भाव? हे नियमात नाही. वाढल्यावर मागा."

"वाढल्यावर मागतो तं तुमी जुना देता!"

"ते नियमात आहे."

*

त्याच सुमाराला औषधावरून गडबड झाली. तापाचं औषध, म्हणजे ते कडूजहर मिक्श्चर, महागलं आणि दवाखान्याची रक्कम तीच राहिली. तेव्हा कंपाउंडरनं घडा पुढे ओढला आणि बाटलीत पाणी वाढवलं, असा बोभाटा झाला. एक म्हातारी तर सभेच्या दारात येऊन सांगून गेली, "पयले औषध कडू होतं, तं ताप पळे. आता औषध गोड लागते अन् ताप बसून राह्यते!"

गणपतभाऊंना एवढं पुरे होतं. बैठकीला ते दोन बाटल्या, एक पेला आणि माठ घेऊन आले. "नानाजी, तुमी म्हणता रक्कम पुरून राह्यली. पुरते तं औषध कडू पायजे. सभेपुढं पिऊन दाखवा!"

नानासाहेब पेचात. नाही म्हणावं तर सगळ्या बाकांसमोर इभ्रत जाते. पिऊन तोंड वाकडं झालं नाही, तर औषधात पाणी होतं हे सिद्ध होतं. पण माणूस हुशार! ते म्हणाले, "आणा!"

गणपतभाऊंनी पेला भरला. नानासाहेबांनी डोळे मिटून एका दमात रिकामा केला. आणि मग जे तोंड केलं! डोळे गच्च, मिशा कानाकडे, मान थरथर, अंगावर शहारे. एका सदस्यानं धावत जाऊन त्यांची पाठ चोळली.

"बाप रे!" नानासाहेब कण्हत म्हणाले. "काय कडू! आता बोला, गणपतराव! आता बोला!"

गणपतभाऊ पेला हातात घेऊन शांत उभे होते.

"काय बोलू, नानाजी? हे तं मी चूळ भराले माठातलं पाणी देल्लं. बाटलीचं बूच अजून काढाचंच हाय."

*

पण धानाचं भांडण काही मिटेना. प्रत्येक बैठकीत जाडं की बारीक. शेवटी एकदा मडावीभाऊ उठले.

मडावीभाऊ नदीपलीकडच्या जंगलातल्या गावांचे सदस्य. वर्षातून दोनदा बोलायचे, पण बोलले की दोन्ही बाक गप्प व्हायचे. ते म्हणाले, "आमच्याकडं जाडं नाई, बारीक नाई. आमच्याकडं कोंबडी हाय. बजारात मीठ पायजे, कपडा पायजे, तं आमी कोंबडी नेतो. तुमी बजेट कोंबडीत सांगा. कोंबडी सगळ्याइच्या घरी एकसारखीच असते."

दोन्ही बाजूंना हे एकदम पटलं, आणि तेच संशयास्पद होतं. नानासाहेबांना वाटलं कोंबडी स्वस्तच असेल, गणपतभाऊंना वाटलं महागली असेल. ठराव एकमतानं मंजूर! कोंबडीचा खरा भाव काढायला आरमोरीच्या बाजारात कोणाला पाठवायचं? मला.

मी गेलो तो ऑफिसच्या ऐटीत. डोक्यावर टोपी, काखेत ऑफिसची चामडी पिशवी, सोबत पट्टेवाला चपराशी. बाजाराच्या एका टोकाला सुरुवात केली. "कोंबडीचा भाव काय, बाई?" भाव ऐकला, लिहिला, पुढे. "तुमचा काय, भाऊ?" लिहिला, पुढे. घेत मात्र काहीच नव्हतो.

अर्ध्या बाजारात पोचलो तेव्हा लक्षात आलं, भाव चढतोय. मागे कुजबुज ऐकू आली. "जनपद कोंबड्या घेऊन राह्यली म्हन्ते! कोनी मोठा साहेब येऊन राह्यला!" पुढच्या बायांनी कोंबड्या टोपल्यांखाली झाकायला सुरुवात केली. "आता नाई इकत, दुपारी या!" दुसऱ्या टोकाला पोचलो तोवर भाव दुप्पट. चपराशाला स्वतःच्या घरासाठी एक कोंबडी घ्यायची होती. तो रिकाम्या हातानं परतला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

बैठकीत मी दोन्ही भाव वाचले. सकाळचा धरला तर बजेट वाढलेलं, दुपारचा धरला तर निम्मं! नानासाहेब ओरडले, "सकाळचाच खरा!" गणपतभाऊ ओरडले, "दुपारचाच खरा! लोकाइनं कोन्या भावानं घेतल्या ते सांगा!"

"घेतल्या कोणी?" नानासाहेब म्हणाले. "दुपारच्या भावानं एक तरी कोंबडी विकली गेली का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला काय माहीत! तेवढ्यात मडावीभाऊ सावकाश उठले.

"माह्या तं दुपारीच इकल्या जी. चारही."

*

मग राज्य बदललं. आम्हाला मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकलं. आमच्या गावात बाकी काही हललं नाही, पण कागद जायचे ते पत्ते बदलले. बाईंच्या डोंग्याचा कागदही नव्या वरच्या ऑफिसात गेला. तिथे कुणाला डोंगा ठाऊक नसावा. त्यांनी तो 'वाहन' या सदरात टाकला आणि प्रश्न पाठवले. चाके किती? पेट्रोल महिन्याला किती लागेल? गॅरेज आहे काय? हॉर्न आहे काय?

कागद वाचून नानासाहेब आणि गणपतभाऊ सभेत पहिल्यांदाच एका बाकावर बसून हसले. हसताना नानासाहेबांच्या मिशीला चहा लागला आणि तो गणपतभाऊंनी आपल्या उपरण्यानं पुसला. सुभद्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पावसाळा कागदासाठी थांबत नाई," एवढंच म्हणून निघून गेल्या. त्यावर दोघंही जरा ओशाळले.

उत्तर बडेबाबूंनीच लिहिलं. त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं, म्हणून एकही रकाना रिकामा सोडला नाही. "चाके : नाहीत. पेट्रोल : लागत नाही. गॅरेज : नदी. हॉर्न : इसरू."

रक्कम मंजूर होऊन आली! मंजूर झाली ती अर्थातच मागच्या अर्जातली, मागच्या भावाची.

*

ती रक्कम पडून असतानाच नवे पैसे आले. जुन्या रुपयात चौसष्ट पैसे असायचे, नव्यात शंभर झाले. सगळा बाजार गोंधळला. बायका आण्याचे किती, दोन आण्यांचे किती करत दुकानदाराशी भांडत होत्या. नानासाहेबांना मात्र साक्षात्कार झाला.

बजेटच्या बैठकीत ते गरजले, "विरोधक म्हणतात दवाखान्याची रक्कम वाढली नाही. खोटं! गेल्या वर्षी दवाखान्याच्या प्रत्येक रुपयामागे आम्ही चौसष्ट पैसे देत होतो. यंदा शंभर देत आहोत! ही वाढ नाही तर काय?"

मी शपथेवर सांगतो, अर्ध्या सभेनं टाळ्या वाजवल्या. गणपतभाऊंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा फुटेना. ते नुसते बोटं उघडत होते आणि मिटत होते. शेवटी म्हणाले, "काहीतरी चुकून राह्यलं. पन का चुकून राह्यलं ते मले सापडून नाई राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब ऑफिस उघडायच्या आधीच पायऱ्यांवर हजर. डोळे तांबारलेले. बडेबाबू दिसताच म्हणाले, "कालचं ते पैशांचं भाषण नोंदीतून काढून टाका."

"का, साहेब? एवढं छान झालं!"

"घरी कळलं," नानासाहेब म्हणाले. "मंडळी म्हणतात, दवाखान्याला शंभर, मग घरखर्चालाच चौसष्ट का?"

*

आता डोंग्याचं.

पावसाळा तोंडावर होता. नानासाहेबांनी या खेपेला रक्कम परत जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आणि इसरूला बोलावून पैसे पुढे केले. इसरूनं ते बघितले. "जी, हे तं गेल्या सालच्या भावाचे हायेत. एवढ्यात पुरा डोंगा नाई होत."

"जेवढा होतो तेवढा कर," नानासाहेब म्हणाले.

इसरू शब्दाचा माणूस. जेवढे पैसे तेवढं लाकूड घेतलं आणि जेवढं लाकूड तेवढा डोंगा कोरला. काम सुबक, कुठं बोट ठेवायला जागा नाही. फक्त लांबीला म्हणाल तर गुरांच्या गव्हाणीएवढा! त्यात एक माणूस बसणार. बाई बसल्या तर वल्हवणारा काठावर, वल्हवणारा बसला तर बाई काठावर.

उद्घाटनाला घाटावर गर्दी जमली. डोंग्याला आंब्याची पानं बांधलेली. नदी भरून चाललेली, वरच्या अंगाला आभाळ काळंभोर. सुभद्राबाईंनी तो डोंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. इतक्या वर्षांच्या अर्जांचं हे फळ! त्यांच्या हातात नवं वल्हं दिलेलं होतं, ते त्यांनी काठीसारखं जमिनीला टेकवलं.

गणपतभाऊ मात्र गप्प बसणारे नव्हते. "नानाजी! हा अर्धा डोंगा हाय!"

"पूर्ण डोंगा आहे," नानासाहेब म्हणाले. "महागाईमुळे लहान दिसतो."

"यात दोन माणसं बसत नाईत!"

"बसतात!"

"बसून दाखवा!"

"तुम्हीही या!"

आणि बडेबाबू "साहेब, साहेब" म्हणेपर्यंत जनपद सभेचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते धोतरं सावरत त्या गव्हाणीत शिरले. बसले! पाठीला पाठ लावून, गुडघे छातीशी, पण बसले. "पाहा!" नानासाहेब विजयानं म्हणाले. "दोन माणसं! पूर्ण डोंगा!"

त्यांच्या वजनानं डोंगा काठावरून सुटला आणि निघाला. वल्हं बाईंच्या हातात.

प्रवाहानं त्यांना दोन गिरक्या दिल्या आणि नदीच्या मधोमध एक खडक आहे, त्याच्यावर नेऊन आदळलं. दोघं कसेबसे खडकावर चढले. डोंगा मात्र आंब्याच्या पानांसकट खाली वाहत गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. म्हणजे इतकी वर्षं मंजूर होत असलेला डोंगा आम्ही चहाचा एक कप होईपर्यंत वापरला!

खडक तो केवढा! दोन माणसं उभी राहतील एवढाच. नदी चढत होती. दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. काठावरून आम्हाला ते निवडणुकीनंतर युती केलेल्या पुढाऱ्यांसारखे दिसत होते.

"इसरू!" नानासाहेब ओरडले. "तुझा मोठा डोंगा आण!"

इसरू उठला आणि आपल्या डोंग्याचा दोर सोडू लागला. त्या दोरावर सुभद्राबाईंनी पाय ठेवला.

"थांब, इसरू." मग नदीकडे तोंड करून त्यांनी हाक दिली. "नानासाहेब! दवाखान्याले मोठा डोंगा, दोघं बसतील असा, वरून बाळंतीण बसंल असा! मंजूर का?"

"मंजूर!" नानासाहेब ओरडले. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं.

"अनुमोदन!" गणपतभाऊंचा आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला. आयुष्यात त्यांनी नानासाहेबांना दिलेलं ते पहिलं अनुमोदन. काठावर जमलेल्या सगळ्या सदस्यांनी हात वर केले. मडावीभाऊंनी दोन्ही हात वर केले. बडेबाबू रडवेल्या आवाजात "एकमतानं, एकमतानं" म्हणत राहिले.

बाईंनी पाय उचलला. इसरूनं डोंगा पाण्यात ढकलला, एक पाय आत टाकला आणि थबकला. खडकाकडे तोंड करून त्यानं तोंडाला हात लावला आणि ओरडून विचारलं,

"जी! लाकडाचा भाव कोन्या सालचा लावू? गेल्या सालचा, का यंदाचा?"

खडकावर मिठी मारून उभे असलेले दोघं एका आवाजात ओरडले,

"पुढच्या सालचा!"